पटावरचे दाणे आणि ६४१

रविवारी दुपारी कॉमन रूममध्ये बुद्धिबळाचा पट मांडला, की नव्या कॅडेटला कोणीतरी ती दाण्यांची गोष्ट सांगतोच. बुद्धिबळ शोधून काढणाऱ्याला राजा म्हणाला, "माग हवे ते." त्याने मागितले ते असे: पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, आणि असेच दर घराला दुप्पट करत चौसष्टाव्या घरापर्यंत. राजा हसला. मग कारकून हिशेबाला बसले, कोठारे रिकामी झाली, तरी मागणी पुरी होईना. गोष्ट इथे संपते. ऐकणारा "बाप रे!" म्हणतो आणि डाव सुरू होतो.

एकूण दाण्यांची संख्या ही:

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५

माझी तक्रार एवढीच, की ही संख्या फार मोठी आहे असे म्हणून आपण तिला तिथेच सोडून देतो. नुसत्या मोठेपणाचे काय? वीस अंक ओळीने कोणीही लिहील. ही संख्या आतून कशी बनली आहे, तिला कशाकशाने भाग जातो, हे विचारायला हवे. तो प्रश्न विचारला की सतराव्या शतकातल्या एका थोर गणितज्ञाची चूक थेट या पटावर सापडते. ती चूक पकडायला जगाला ब्याण्णव वर्षे लागली, आणि पकडायला लागणारे गणित तुमच्या इयत्तेच्या फार पलीकडचे नाही.

आधी मोठेपणाचा हिशेब उरकून घेऊ. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त संख्यांच्या स्थानांची नावे परार्धापर्यंत जातात. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. आपली संख्या १८४ परार्धांहून थोडी अधिक, म्हणजे नावांची यादी संपल्यावरही पुढे उरणारी. गव्हाचे हजार दाणे साधारण ४० ग्रॅम भरतात असे धरा (मेसच्या तराजूवर खुशाल तपासून पाहा). पटाच्या पहिल्या ओळीत, म्हणजे आठ घरांत मिळून २५५ दाणे होतात, फक्त दहा ग्रॅम. दोन ओळींचे अडीच किलोहून थोडे जास्त. तीन ओळींचे पावणेसात क्विंटलच्या आसपास. चार ओळी, म्हणजे अर्धा पट भरला की १७२ टन. दहा टनी ट्रक लावले तर अठरा ट्रकांचा ताफा. इथवर राजाची तक्रार नसणार. उरलेल्या अर्ध्या पटाने मात्र बेरीज जवळजवळ ७४ हजार कोटी टनांवर जाते. आज साऱ्या जगात वर्षाला सुमारे ८० कोटी टन गहू पिकतो. त्या दराने नऊशेहून अधिक वर्षांचे पीक.

गोष्टीतला राजा आणि त्याचा पंडित खरे होते का, याला आधार नाही. तेराव्या शतकातला चरित्रकार इब्न खल्लिकान ही गोष्ट सांगतो. बेरीज कशी काढायची हे मात्र त्याच्याही आधी, इसवी सन १००० च्या सुमारास, अल-बिरुनीने लिहून ठेवले होते. हाच अल-बिरुनी पुढे भारतात आला, संस्कृत शिकला आणि भारतावर मोठा ग्रंथ लिहिला. खेळ आपला आहे यात शंका नाही. चतुरंग म्हणजे हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ, सैन्याची चार अंगे. सैनिकी शाळेत हे निराळे सांगायला नको.

आता बेरीज. चौसष्ट आकडे मांडून बेरीज करणारा पहाटेपर्यंत बसेल. त्याऐवजी एक दाणा उसना आणून पहिल्या घराशेजारी ठेवा. तो एक आणि पहिल्या घरातला एक मिळून दोन. त्यात दुसऱ्या घरातले दोन मिळवले की चार. तिसऱ्यातले चार मिळवले की आठ. दर घरापाशी आजवरची रास नेमकी त्या घराएवढी असते, म्हणून ती दुप्पट होते. चौसष्ट घरे संपली की हातात २ चा ६४ वा घात असतो. उसना दाणा परत करा. उरले ते उत्तर. छपाईच्या सोयीसाठी घात मी टोपी घालून लिहितो: २^६४ म्हणजे २ चा ६४ वा घात. तर आपली संख्या आहे २^६४ − १.

आणि २^६४ काढायला चौसष्ट वेळा दुप्पट करायचीही गरज नाही. वर्ग करत जा: २, ४, १६, २५६, ६५,५३६, ४,२९,४९,६७,२९६ आणि मग शेवटचा वर्ग. सहा गुणाकारांत काम होते. शेवटचा गुणाकार कागदावरच करा. साधा कॅल्क्युलेटर इथे सुरुवातीचे आठ-दहा अंक दाखवून बाकीचे गिळतो, आणि भाग जातो की नाही हे ठरवताना एकही अंक गिळून चालत नाही.

सहा वर्गांनी संख्या उभी राहिली, तशी ती सहा घड्यांत उलगडते. पट मधोमध दुमडा. पहिली बत्तीस घरे इकडे, उरलेली बत्तीस तिकडे. तेहेतिसाव्या घरात पहिल्याच्या २^३२ पट दाणे आहेत, चौतिसाव्यात दुसऱ्याच्या २^३२ पट, आणि हे शेवटच्या घरापर्यंत तसेच. म्हणजे अख्खा दुसरा अर्धा पट हा पहिल्या अर्ध्याच्या २^३२ पट आहे. दोन्ही मिळून पहिल्या अर्ध्याच्या (२^३२ + १) पट. एवढ्यात एक अवयव हाती लागला, तोही भागाकार न करता.

आता फक्त पहिला अर्धा पट घ्या आणि तोही दुमडा. सोळा घरे इकडे, सोळा तिकडे. तिकडची रास इकडच्या २^१६ पट. अवयव मिळाला २^१६ + १, म्हणजे ६५,५३७. उरलेल्या सोळा घरांची घडी घाला: २^८ + १, म्हणजे २५७. मग एकच ओळ उरते. ती दुमडली की २^४ + १, म्हणजे १७. चार घरांवरून दोन घरांवर येताना ५. शेवटची दोन घरे, एक दाणा आणि दोन दाणे मिळून ३. म्हणून

२^६४ − १ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ × ४,२९,४९,६७,२९७

पडताळून पाहायचे तर डावीकडून गुणत या: १५, मग २५५ (पहिली ओळ), मग ६५,५३५ (दोन ओळी), मग ४,२९,४९,६७,२९५ (अर्धा पट). घड्या उलगडत जाताना पट परत भरत जातो. पटाला चौसष्ट घरे आहेत आणि ६४ सहा वेळा निम्मी होते, म्हणून हे जमले.

एखाद्या संख्येचे अवयव पाडायचे ते अवयव मूळ होईपर्यंत. आपले सहा अवयव मूळ आहेत का? ३, ५ आणि १७ विषयी प्रश्नच नाही. २५७ ला २, ३, ५, ७, ११, १३ यांपैकी कशानेही भाग जात नाही, आणि १७ चा वर्ग २८९, म्हणून पुढे पाहायला नको. ६५,५३७ साठी साध्या रीतीने २५६ पर्यंतच्या चोपन्न मूळ संख्यांनी भागून पाहावे लागेल. कंटाळवाणे आहे, पण एका प्रेपमध्ये होते. तीही मूळ निघते. राहिली शेवटची, चारशे एकोणतीस कोटींची.

इथे पियेर द फर्मा येतो. तो फ्रान्समधल्या तुलूझ शहरात न्यायसभेत काम करणारा गृहस्थ. गणित हा त्याचा फावल्या वेळचा उद्योग, आणि त्या फावल्या वेळात त्याने जे केले ते अनेकांना जन्मभर जमले नसते. १६४० साली त्याने आपल्या मित्राला, फ्रेनिकलला, पत्रातून कळवले, की ३, ५, १७, २५७, ६५,५३७, ४,२९,४९,६७,२९७ आणि याच रीतीने पुढे मिळणाऱ्या सर्व संख्या मूळ आहेत. सिद्धता आपल्याजवळ नाही हे त्याने प्रामाणिकपणे मान्य केले. पण विश्वास ठाम होता, आणि पुढेही अनेक वर्षे तो टिकून राहिला. आज आपण या संख्यांना फर्मा संख्या म्हणतो. आपल्या पटाची पहिली घडी घातल्यावर जो अवयव मिळाला तीच ही त्याच्या यादीतली सहावी संख्या.

पहिल्या पाच खऱ्या मूळ आहेत. सहावी नाही.

फर्माचा शब्द म्हणून बहुधा कोणी ती भागून पाहिली नाही. १७२९ च्या डिसेंबरात गोल्डबाखने पीटर्सबर्गला असलेल्या तरुण लेओनार्ड ऑयलरला पत्रात विचारले, फर्माचे हे विधान तुला माहीत आहे का? ऑयलरने आधी फारसे मनावर घेतले नाही, मग घेतले, आणि १७३२ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, दाखवून दिले:

४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७

गुणून पाहा. ६७,००,४१७ ला ६०० ने गुणले तर ४,०२,०२,५०,२००. ४० ने गुणले तर २६,८०,१६,६८०. आणि एकदा तीच संख्या. तिन्हींची बेरीज नेमकी येते.

मला यात सर्वांत बोचणारी गोष्ट ही वाटते: ६४१ ही एकशे सोळावी मूळ संख्या आहे. २, ३, ५, ७ असे सुरू करून निव्वळ हमालीने एकेका मूळ संख्येने भागत गेले असते, तरी एकशे सोळाव्या भागाकाराला उत्तर समोर आले असते. दहा अंकी संख्येला तीन अंकी संख्येने भागायला कितीसा वेळ लागतो? दोन दिवसांचे काम. हा खटाटोप टाळण्याइतका फर्मा आळशी नव्हता. कदाचित त्याने भागाकार केलेही असतील आणि कुठेतरी हिशेबात चुकला असेल. त्याचे कागद आज ते सांगत नाहीत. पण पाच उदाहरणे बरोबर आली म्हणून सहावेही येईल, हा मोह त्यालाही पडला एवढे खरे.

ऑयलरला मात्र एकशे सोळा भागाकार करावे लागले नाहीत. त्याने आधी विचारले, भाग गेलाच तर तो कोणत्या प्रकारच्या संख्येने जाऊ शकतो? उत्तर शोधायला आपण पुन्हा पटावर येऊ.

समजा, p ही मूळ संख्या २^३२ + १ ला नि:शेष भागते. पटावरच्या प्रत्येक घरातले दाणे p-p च्या राशींत वाटा आणि बाकी काय उरते ते पाहा. पहिल्या घराची बाकी १. पुढे दर घराला बाकी दुप्पट होते, p च्या वर गेली की p वजा करायचे. तेहेतिसाव्या घरात २^३२ दाणे आहेत. त्यात एक मिळवला तर p ने भाग जातो, म्हणजे तिथली बाकी 'उणे एक'. पहिल्या घरात अधिक एक, तेहेतिसाव्यात उणे एक. ड्रिलच्या भाषेत सांगायचे तर तेहेतिसाव्या घराशी 'पीछे मुड' झाले. आणखी बत्तीस घरे चाललात की दुसरे 'पीछे मुड', आणि तोंड पुन्हा मूळ दिशेला. पासष्टावे घर असते तर त्याची बाकी पुन्हा १ आली असती. म्हणजे बाकीचे चक्र चौसष्ट पावलांचे. याहून लहान चक्र असू शकेल का? असते तर त्याची लांबी ६४ ची विभाजक असायला हवी, म्हणजे ३२, १६, ८ वगैरे. मग बत्तीस पावलांनंतर आपण मूळ दिशेला तोंड करून उभे असतो. पण तिथे तर पाठ आहे. म्हणून चक्र बरोबर ६४ चे.

आता एक जुना नियम: p ही विषम मूळ संख्या असेल, तर २ च्या (p − १) व्या घाताला p ने भागल्यावर बाकी १ उरते. ७ घ्या: २^६ म्हणजे ६४, सात नव्वे त्रेसष्ट, बाकी १. म्हणजे p − १ पावले चालल्यावर आपण पुन्हा मूळ दिशेला येतोच. चक्र चौसष्टाचे असेल, तर p − १ ला ६४ ने भाग गेलाच पाहिजे. सारांश, ६४ च्या पटीत १ मिळवून बनणाऱ्या मूळ संख्याच फक्त उमेदवार.

यादी करा: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यांत मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्या भागाकाराला शिकार!

आणि आता खरी गंमत. तो जुना नियम सांगितला कोणी? फर्मानेच. त्याच १६४० साली, त्याच फ्रेनिकलला लिहिलेल्या दुसऱ्या एका पत्रात. स्वत:चे विधान पाच भागाकारांत मोडून काढणारे हत्यार त्याच्या स्वत:च्या शस्त्रागारात होते, आणि ते त्याने इथे उचलले नाही.

हाच नियम ६५,५३७ ला लावा. तिच्या मूळ अवयवात ३२ च्या पटीहून एक जास्त असायला हवे. २५६ पर्यंत अशा मूळ संख्या दोनच, ९७ आणि १९३. पहिलीने भागून बाकी ६२, दुसरीने ११०. चोपन्न भागाकारांचे दोन झाले. आता प्रेपचा बाकीचा वेळ इतिहासाला द्यायला हरकत नाही.

ज्यांना प्रत्यक्ष भागाकारही करायचा नाही त्यांच्यासाठी ६४१ चा एक सुबक पुरावा आहे. ६४१ दोन तऱ्हांनी लिहिता येते: ५ × १२८ + १, आणि ६२५ + १६. म्हणजे ५ × २^७ + १, आणि ५^४ + २^४. दुसऱ्या रूपाला २^२८ ने गुणा. ५^४ × २^२८ म्हणजे ६४०^४, आणि २^४ × २^२८ म्हणजे २^३२. तेव्हा

६४१ × २^२८ = ६४०^४ + २^३२

बाजू फिरवून, एक मिळवून:

२^३२ + १ = ६४१ × २^२८ − (६४०^४ − १)

उजवीकडच्या पहिल्या पदात ६४१ उघड आहे. कंसातली राशी म्हणजे (६४०^२ + १) × (६४० + १) × (६४० − १), आणि मधला कंस पुन्हा ६४१ च. दोन्ही पदांना ६४१ ने भाग जातो, तर फरकालाही जातो. तीन ओळींत काम फत्ते. दहावीच्या परीक्षेतली सूत्रे वापरून फर्माला खोटे ठरवता येते, हे मला दर वर्षी फळ्यावर लिहिताना नव्याने आवडते.

उरला ६७,००,४१७. ही मूळ आहे का? तिचा प्रत्येक मूळ अवयव २^३२ + १ चाही अवयव, म्हणून उमेदवारांचा नियम तोच. तिचे वर्गमूळ २,५८९ पेक्षा लहान. ६४१ च्या आतले उमेदवार आधीच बाद झाले आहेत. राहिले ६४१, ७६९, १,१५३, १,२१७, १,४०९, १,६०१ आणि २,११३. सात भागाकार, एकातही भाग जात नाही. ती मूळच. (याच रांगेत ६४ × २७ + १ म्हणून रामानुजनची १,७२९ ही येते, पण ती ७ × १३ × १९ असल्याने मूळ नाही आणि आपल्या कामाची नाही.)

झेरा कोलबर्न नावाचा एक अमेरिकन मुलगा १८१२ च्या सुमारास लंडनमध्ये तोंडी गणिताचे प्रयोग करत असे. वय आठ. त्याला कोणीतरी ४,२९,४९,६७,२९७ चे अवयव विचारले, आणि त्याने ६४१ सांगितले. कसे काढले हे त्याला नीट समजावता आले नाही. अशा मुलांविषयी वाचून आपण खट्टू होऊ नये. आपल्याला पाच भागाकार पुरतात आणि आपण कसे काढले तेही सांगू शकतो.

तर आपल्या संख्येचे पुरे अवयव हे:

३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५,५३७ × ६७,००,४१७

सात मूळ संख्या, प्रत्येक एकदाच. विभाजक बनवताना प्रत्येक घ्यायची किंवा सोडायची, म्हणून एकूण विभाजक २^७, म्हणजे १२८. पटावरच्या घरांच्या बरोबर दुप्पट. हा योगायोग आहे, त्यात अर्थ शोधू नका. ६४१ मुळे सहाचे सात अवयव झाले नसते तर विभाजक ६४ च राहिले असते.

६४१ ने झालेली ही फूट नुसती कागदोपत्री नाही. कंपासपेटी काढा. फक्त कंपास आणि खुणा नसलेली पट्टी वापरून समभुज त्रिकोण काढता येतो, सुसम पंचकोन काढता येतो. सप्तकोन काढता येत नाही. कोणते बहुभुज काढता येतात? दोन हजार वर्षे या प्रश्नात भर पडली नव्हती. मार्च १७९६ मध्ये, एकोणिसावा वाढदिवस महिन्यावर आला असताना, गाउसने दाखवले की सतरा बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो. पुढे त्याने सर्वसाधारण नियम दिला, आणि त्याची उरलेली बाजू वाँत्झेलने १८३७ मध्ये पक्की केली: बाजूंची संख्या विषम असेल, तर ती वेगवेगळ्या मूळ फर्मा संख्यांचा गुणाकार असली पाहिजे. माहीत असलेल्या मूळ फर्मा संख्या पाचच: ३, ५, १७, २५७, ६५,५३७. त्यांचे गुणाकार एकतीस होतात, आणि सर्वांत मोठा म्हणजे पाचही एकत्र, ४,२९,४९,६७,२९५. ही संख्या आपण पाहिली आहे. अर्ध्या पटावरचे दाणे! तेवढ्या बाजूंचा बहुभुज कंपास-पट्टीने तत्त्वत: काढता येतो (कागद कुठला आणायचा हा प्रश्न निराळा). पूर्ण पटावरच्या दाण्यांएवढ्या बाजूंचा मात्र येत नाही. आडवा येतो तो ६४१.

१८७८ मध्ये फ्रेंच गणिती एदुआर ल्युका याने उमेदवारांचा नियम आणखी कडक केला. या संख्येसाठी ६४ ऐवजी १२८ च्या पटीत एक मिळवायचा. मग ६४१ पर्यंत मूळ उमेदवार दोनच राहतात, २५७ आणि ६४१. ल्युका १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात तोफखान्यात अधिकारी होता, हे इथल्या वाचकांना आवडेल. याच ल्युकाने १८८३ मध्ये 'हनोईचा मनोरा' हे कोडे बाजारात आणले: तीन खुंट्या, एकीवर लहानमोठ्या चकत्या, एका वेळी एकच हलवायची, लहानीवर मोठी ठेवायची नाही. कोड्याबरोबर काशीच्या देवळातल्या चौसष्ट सोन्याच्या चकत्यांची एक आख्यायिकाही सांगितली जाई. चौसष्ट चकत्या हलवायला किमान किती चाली? २^६४ − १. पुन्हा तीच. सेकंदाला एक चाल धरली तर ५८,४५४ कोटी वर्षे. विश्वाचे वय आज सुमारे १,३८० कोटी वर्षे मानतात. दोन-चार चकत्यांवर करून पाहा, दुप्पट अधिक एक हा क्रम लगेच दिसेल.

संगणकवाल्यांना ही संख्या दुसऱ्याच ओळखीने ठाऊक असते. चौसष्ट कॅडेट ओळीत उभे करा, प्रत्येकाच्या हाती एक झेंडा, वर किंवा खाली. सगळे झेंडे वर असले की जी संख्या दर्शवली जाते ती ही. ६४ बिटांच्या कप्प्यात मावणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्या. त्यात एक मिळवला की सगळे झेंडे खाली, कप्पा पुन्हा शून्यावर.

फर्माच्या यादीचे पुढे काय झाले? सातवी संख्या २^६४ + १, म्हणजे आपल्याच संख्येहून दोनने मोठी. तीही मूळ नाही: २,७४,१७७ × ६,७२,८०,४२,१३,१०,७२१. क्लाउसेन नावाच्या गणितज्ञाने हे अवयव १८५५ मध्ये गाउसला पत्राने कळवले होते, पण ते पत्र मागे पडले. १८८० मध्ये ऐंशी ओलांडलेल्या लाँद्रीने ते स्वतंत्रपणे काढले. त्यापुढच्या सव्वीस संख्याही एकूण एक संयुक्त निघाल्या आहेत. फर्माने सगळ्या मूळ म्हटल्या आणि पहिल्या पाचांनंतर आजवर एकही मूळ सापडलेली नाही. २ चा ३३ वा घात काढून तेवढा घात पुन्हा २ ला द्यायचा आणि एक मिळवायचा, ही पहिली संख्या जिच्याविषयी आज कोणालाच ठाऊक नाही. तिच्यात सुमारे २५८ कोटी अंक आहेत.

घरी करायला एक देतो. जपानी बुद्धिबळाला शोगी म्हणतात. त्याच्या पटावर नऊ गुणिले नऊ, एक्याऐंशी घरे असतात. तिथेही दाणे दुपटीने ठेवा. हा पट मधोमध दुमडत नाही, पण तिहेरी घडी बसते. पहिल्या ओळीतली नऊ घरे तीन-तीन करून दुमडली की ५११ दाण्यांचे (१ + २ + ४) × (१ + ८ + ६४), म्हणजे ७ × ७३ होतात. अख्ख्या पटाच्या चार घड्या होतील. तिसऱ्या घडीचा अवयव २,६२,६५७ येईल, तो मूळ आहे. चौथा मूळ नाही. त्याचा सर्वांत लहान मूळ अवयव चार अंकी आहे, आणि तो १६२ च्या पटीहून एकने मोठा आहे. कॅल्क्युलेटर चालेल, पण उत्तराबरोबर तुमची उमेदवारांची यादीही आणा.